पातेऱ्याची ऊब

डिसेंबरात झाडीतली शेवटची पानं गळून पडली की आमच्या घरमालकीणबाई दारात यायच्या. बेल कधी वाजवायच्या नाहीत. सरकतं दार हातभर उघडायच्या, आत डोकावायच्या आणि थंडीवाऱ्याच्या गप्पा न मारता एकच शब्द विचारायच्या, "यंदा?"

मी म्हणायचे, "यंदा नको."

मग त्या मान हलवायच्या, सोबत आणलेला मुळा उंबऱ्याशी ठेवायच्या, दार लावून घ्यायच्या आणि निघून जायच्या. ज्याला नकार द्यायचा त्याच्याकडूनच मुळा घ्यायचा, असा प्रसंग माझ्यावर दुसरीकडे कुठे आलेला नाही. तो मुळा किसताना माझी दरवर्षी चिडचिड व्हायची आणि ती कुणावर काढायची ते कळायचं नाही. मग नवऱ्यावर निघायची.

बाई विचारत होत्या ते घरामागच्या झाडीतला पातेरा गोळा करण्याबद्दल. पातेरा हा माझा कोकणातला शब्द. झाडाखाली पडलेली वाळकी पानं. पुण्यात वाढलेल्या नवऱ्याला तो लग्नानंतर मी शिकवला. बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, रताळ्याची शेती करणाऱ्या. त्यांच्याच अंगणात मागच्या बाजूला एक छोटं घर होतं, ते आम्ही भाड्याने घेतलं होतं. जपानातलं त्सुकुबा म्हटलं की लोकांना रुंद रस्ते, संशोधन संस्था आणि पाठीवर लॅपटॉप टाकून सायकल हाणणारे विद्यार्थी आठवतात. पण शेवटच्या संस्थेचं कुंपण संपलं की लगेच शेतं लागतात आणि शेतांच्या पाठीला ओकची आणि चेस्टनटची झाडी. मी अशाच एका संस्थेत मातीवर काम करत होते, एकेका वर्षाच्या करारावर. नवरा आयटीतला. सकाळी सायकलने स्टेशन गाठून जलद गाडीने टोकियोला जायचा. दोन हजार अकराच्या मार्चमध्ये तो मोठा भूकंप झाला तेव्हा मुलगी नुकती पाऊल टाकायला लागली होती.

बाईंना पातेरा कशाला हवा होता ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. रताळ्याचे वेल लावायचे तर आधी कोंब हवेत, आणि कोंब फुटायचे तर ऊब हवी. मार्चमध्ये तिकडे सकाळी अंगणातलं दव गोठलेलं असतं. शेतात ट्रॅक्टर नव्हता, विजेच्या तारा नव्हत्या, प्लास्टिक नव्हतं, तेव्हाच्या लोकांनी ही ऊब पानांतून काढली. हिवाळाभर बांबूच्या दाताळ्याने झाडी झाडायची. फेब्रुवारी संपता संपता अंगणात बांबू आणि पेंढ्याच्या भिंतींचा एक चौकोन उभा करायचा. त्यात पानांचा थर, त्यावर तांदळाचा कोंडा, त्यावर पाणी, आणि मग माणसांनी आत उतरून तो पायांनी तुडवायचा. पुन्हा थर, पुन्हा तुडवणं. मांडीएवढी उंची झाली की वर जुनी काळी माती पसरायची आणि तिच्यात बियाण्याची रताळी शेजारी शेजारी निजवायची. काही दिवसांत पानं आतून तापतात आणि कोंब वर येईपर्यंत ऊब धरून राहतात. उन्हाळ्यात वाफा गार पडतो, पानांची माती होते, आणि तीच माती पुढच्या वाफ्यावर पसरायला लागते. त्यामुळे एका वर्षी खाडा झाला की पुढच्या वर्षीचंही अडतं.

तुडवण्यात सगळी मेख होती. फार जोरात तुडवलं तर आतली हवा निघून जाते आणि वाफा तापतच नाही. फार हलकं तुडवलं तर भसकन तापतो, रताळी शिजून निघतात आणि आठवड्यात सगळं थंडगार. त्यामुळे हे काम एकट्याने होत नाही. जड पायाचं माणूस मध्यभागी लागतं, हलक्या पायाचं कोपऱ्यात. आळीतली घरं एकमेकांकडे आळीपाळीने जायची, आज तुमचा वाफा, परवा आमचा. आमच्याकडे लावणीला सावड असते तसंच. आम्ही राहायला गेलो तोवर असं करणारी दोन-तीनच म्हातारी घरं उरली होती. बाकीच्यांनी मातीत विजेची तार पुरून काम भागवलं होतं.

भूकंपाच्या थोडंच आधी बाईंचा वाफा तुडवून झाला होता. मीही हौसेने एक थर तुडवला होता आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरली होती.

त्या दुपारी मी संस्थेतून चालत घरी आले. पाळणाघरातून मुलीला कडेवर घेतलं होतं आणि वाटेत जमीन पुन्हा पुन्हा हलत होती. बाईंच्या छपराची कौलं अंगणात पडली होती, कुंपणाची दगडी भिंत आडवी झाली होती. वीज गेलेली, नळाला पाणी नाही, हीटर विजेवर चालणारा. नवरा टोकियोत अडकला होता आणि फोन लागत नव्हता. मुलगी रडून रडून निळी पडत चालली होती. बाई बाहेर आल्या. मला काही विचारलं नाही. त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं, वाफ्यावरची गवताची चटई बाजूला केली आणि मुलीचे हात मनगटापर्यंत मातीत घातले. मुलगी गप्प झाली. मग त्यांनी मला खूण केली. मीही हात घातले. खालून ऊब येत होती. तापलेल्या अंथरुणात हात घालावा तशी.

मुलीची दुधाची बाटली फडक्यात गुंडाळून बाईंनी रताळ्यांच्या मध्ये पुरली. वीज येईपर्यंत आमच्या मुलीचं दूध रताळ्यांबरोबर झोपायचं. नवरा दुसऱ्या दिवशी कसाबसा पोहोचला तेव्हा मी त्याला आधी वाफ्याशी नेलं. तो बूट, टाय अशा अवतारात गुडघे टेकून बसला आणि त्यानेही हात मातीत घातले. त्या दिवसांत आमच्या आळीत गरम अशी तेवढी एकच गोष्ट होती.

मग पाऊस पडला.

त्या पावसाबरोबर काय आलं ते नंतर सगळ्यांना कळलं. भूकंपामागून आलेल्या त्सुनामीत फुटलेली अणुभट्टी आमच्यापासून लांब होती, पण वाऱ्याला लांब-जवळ कळत नाही. शेतावरची माती नांगरली की थोडीफार निभावते. झाडीचं तसं नसतं. झाडं सगळं अंगावर झेलतात आणि मग पानांबरोबर खाली सोडतात. शेतकी कचेरीकडून निरोप आला की पातेरा गोळा करू नका, खतात घालू नका, जाळू नका, आहे तिथे राहू द्या. ज्या देशात दुधाचा रिकामा खोका धुऊन, कापून, वाळवून वेगळ्या दिवशी कचऱ्यात द्यावा लागतो, तिथे पानांना कुठलाच वार उरला नाही.

टोकियोजवळच्या उरायासुत आमचं ओळखीचं एक कुटुंब होतं. त्यांच्या बिल्डिंगपुढचा रस्ता फुटून खालची रेती चिखल होऊन वर आली. त्यांनी सामान बांधलं आणि भारतात गेले. आम्हीही जाणार होतो. दोन्हीकडच्या घरून रोज फोन, रोज रडारड. पण माझं काम मातीवर होतं आणि अचानक त्या भागातल्या प्रत्येकाला मातीबद्दल काहीतरी विचारायचं होतं. अशा वेळी पाठ फिरवायची मला लाज वाटली. आता विचार केला तर वाटतं, लाजेपायी माणूस जितकी वर्षं एका जागी काढतो तितकी प्रेमापायीही काढत नसेल.

पहिल्या डिसेंबरात बाई दारात आल्या तेव्हा मी त्यांना आत बसवून सगळं समजावलं. पावसाबरोबर आलेलं किरणोत्सारी सीझियम म्हणजे काय, पानांत ते कसं येतं, किती वर्षं राहतं. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे मोजायचं यंत्र आहे ना? मग दरवर्षी मोजा आणि मला फक्त हो की नाही ते सांगा. बाकीचं तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं."

तेव्हापासून ते माझं काम झालं. नोव्हेंबर सरता सरता मी पिशवी घेऊन झाडीत जायचे, ठिकठिकाणची पानं उचलायचे, प्रयोगशाळेत वाळवायचे, दळायचे, डब्यात दाबून यंत्रात ठेवायचे. आकडा खतासाठी ठरवलेल्या सरकारी मर्यादेच्या वर यायचा. मी घरी यायचे. मग दार हातभर उघडायचं.

हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी त्या मला ओसरीवर बोलवायच्या. वर सोललेल्या पर्सिमन फळांच्या माळा वाळत घातलेल्या असायच्या आणि खाली आम्ही दोघी बियाण्याची रताळी निवडत बसायचो. त्या वेळी त्या जुन्या गोष्टी सांगायच्या. लहान मुलगी असताना त्या घोड्याचं नाक धरायच्या. म्हणजे भाताच्या खाचरात नांगर वडलांच्या हातात, पुढे घोडा, आणि घोड्याच्या तोंडाला बांधलेला लांब बांबू धरून त्याला चिखलातून सरळ चालवायचं. घोडा पाय उचलेल तसा चिखल तोंडावर उडायचा. तोंड पुसायला हात सोडला की घोडा वाकडा जायचा, घोडा वाकडा गेला की वडील मागून ओरडायचे. "संध्याकाळी आई मला ओळखायची ती दातांवरून," असं म्हणून त्या हसायच्या.

लग्न होऊन या घरी आल्या तर इथेही घोडा होता. घोडा घराच्या एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला, छप्पर एकच. झाडीतला पातेरा आधी घोड्याच्या पायाखाली पसरायचा. घोडा त्यावर झोपायचा, त्यावरच सगळं करायचा, मग तोच पातेरा वाफ्यात जायचा. तसला वाफा तर भट्टीचं दार उघडल्यासारखा तापायचा म्हणे. मग एका वसंतात हाताने चालवायचं नांगरणीचं यंत्र आलं. जो माणूस यंत्र देऊन गेला तोच घोडा घेऊन गेला. सासरे त्या दिवशी घराबाहेर आले नाहीत. आता पातेरा कशाला झाडायचा, असं बाईंनी सासूला विचारलं. सासू म्हणाली, "घोडा गेला म्हणून हिवाळा गेला का?" आणि दाताळं त्यांच्या हातात दिलं.

मी त्यांना आमच्या राबाबद्दल सांगितलं. भाताच्या रोपांसाठी आम्ही जमिनीवर शेण, झाडाच्या फांद्यांचे टाहाळ, पातेरा पसरतो आणि पावसाआधी पेटवून देतो. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमाने येतं. बाईंना हे अजिबात पटलं नाही.

"सगळी ऊब एका दिवसात जाळून टाकायची?" त्या म्हणाल्या. "मग उरलेले दिवस काय करता?"

"आमच्याकडे उरलेले दिवस उकाडाच असतो."

त्यांनी यावर विचार केला आणि म्हणाल्या, "तसं असेल तर ठीक आहे." पण त्यांच्या मनातून आमची जात उधळीच ठरली असावी.

त्यांचा मुलगा टोकियोच्या बाजूला इचिकावात राहायचा. कंपनीत नोकरी, बायको, दोन मुलं. महिन्यातून एकदा गाडी घेऊन यायचा, आईचा फ्रीज भरायचा, गटारं साफ करायचा आणि परत जायचा. माणूस चांगला. आईने रताळी लावणं सोडू नये म्हणून त्यानेच विजेची तार आणून दिली होती. बाई ती तार वापरायच्या, पण तिच्याकडे बघायच्या सवतीकडे बघावं तसं. एकदा तो माझ्याकडे आला, मला 'सेन्सेई', म्हणजे मास्तरीणबाई, म्हणून वाकला आणि दारातच उभा राहून बोलला.

"झाडीवर सौरऊर्जेचे पत्रे लावायला एक कंपनी मागे लागली आहे. झाडी अशीच पडून आहे, बांबू माजलाय, वादळात एखादं झाड रस्त्यावर पडलं तर भरपाई आमच्यावर येईल. पण आई पानांची वाट बघतेय. ती तुमचा शब्द मानते. पानं कधीतरी वापरता येणार असतील तर मी थांबतो. नसतील तर तसं सांगा."

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मग थांबतो," तो म्हणाला. "पण फार नाही."

तेव्हापासून माझ्या डब्यातल्या त्या मूठभर चुऱ्यावर अख्खी झाडी उभी होती. मी 'नको' म्हटलं की तिच्या मुळावर घाव पडतोय असं वाटायचं, आणि 'हो' म्हणणं माझ्या हातात नव्हतं. संस्थेत दिवसभर हेच चालायचं. कुणी मशरूम घेऊन यायचं, कुणी चहाची पानं, कुणी नातवंडं खेळतात तिथली वाळू. सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी खरं तेच सांगायचे आणि खरं ऐकून कुणाचा चेहरा उजळला असं क्वचितच व्हायचं. माझा स्वतःचा करार दर मार्चला संपायचा आणि तो वाढेल की नाही हे मला कुणीतरी दुसराच सांगायचा. मी दमले होते. झोपून न जाणारा थकवा असतो, तसलं दमणं.

एका वर्षी आकडा मर्यादेच्या अगदी टोकाशी आला. केसाएवढा वर. जेवताना मी ते बोलून गेले.

"मार्जिनलच आहे ना?" नवरा म्हणाला. "अगं, मग सांगून टाक हो म्हणून. त्यांचं वय काय, रताळी किती, खाणार कोण. कोण ऑडिट करायला येतंय?"

"त्या मला विचारतात, कारण मी असं करत नाही."

"बरं, बरं. मुळा वाढ."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी नेहमीसारखं 'यंदा नको' म्हटलं, पण तोंडावर काहीतरी दिसलं असावं. त्यांनी विचारलं, "थोडंच वर आहे का?"

"थोडंच."

"म्हणजे वर आहे," त्या म्हणाल्या आणि मुळा ठेवून गेल्या. त्यांच्यावर रागावावं की त्यांच्या पाया पडावं, मला कळेना.

त्याच्या पुढच्या वर्षी आकडा खाली आला. मी यंत्राशी बसून राहिले. दुसरी पानं दळली, पुन्हा मोजली. खालीच. मी सायकल काढली आणि भर दुपारी घरी आले. बाई अंगणात नळाखाली मुळे धूत होत्या.

"यंदा चालेल," मी म्हणाले.

त्यांनी हातातला मुळा धुऊन पुरा केला. "नक्की?"

"नक्की. फक्त वरची, यंदाची पानं. खालचा जुना थर हलवायचा नाही."

"वरच्यावर झाडायचं," त्या म्हणाल्या. मग नळ बंद केला, पदर नसलेल्या त्या एप्रनला हात पुसले आणि आत गेल्या. आनंद, अश्रू काही नाही. मी तिथे उभी राहिले. थोड्या वेळाने पडवीतून दाताळं शोधताना डबे पडल्याचा आवाज आला तेव्हा माझी मीच हसले.

पण वाफा तुडवायचा कुणी? पूर्वीच्या सावडीतली एक बाई वृद्धाश्रमात होती, एक गेली होती, तिसरीची पाठ जमिनीकडे वाकली होती. बाईंच्या गुडघ्याला पट्टा. शेवटी एका रविवारी इचिकावाहून मुलाला बोलावलं, माझ्या नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी झोपेतून उठवलं, आणि मुलीला, जी आता शाळेत वरच्या वर्गात होती आणि आमच्या प्रत्येक मराठी वाक्याला जपानीत उत्तर द्यायची, तिला रबरी बूट घालून उभं केलं. बाई वाफ्याबाहेर स्टुलावर बसल्या आणि हुकूम सोडायला लागल्या.

नवरा मध्यभागी उतरला आणि असा तुडवायला लागला की भिंतीचे बांबू करकरले.

"दमाने," बाई म्हणाल्या. "तुम्ही भांडायला आलेला नाहीत."

"काय म्हणाल्या?" त्याने मला विचारलं. त्याचं जपानी ऑफिसपुरतंच.

"वजन कमी करा म्हणाल्या," मी सांगितलं. मुलगी कोपऱ्यातून खो खो हसली. तिला कोपरेच दिले होते, आणि ती ते इतक्या हलक्या पावलांनी तुडवत होती की बाईंनी तिला एकदाही टोकलं नाही. मुलाला मात्र काही सांगावंच लागलं नाही. तो मला आधी म्हणाला होता की लहानपणचं त्याला काही आठवत नाही. पण कोंडा पडला, पाणी पडलं, आणि त्याची पावलं भिंतीपासून आत, आतून भिंतीकडे आपोआप फिरायला लागली. बाई त्याच्या पायांकडेच बघत होत्या.

वरून पसरायला काळी माती हवी होती. ती बाईंनी पडवीत पोत्यांत भरून, वर चटया घालून इतकी वर्षं ठेवली होती. भूकंपाच्या साली तुडवलेल्या वाफ्याची. पाऊस पडला तेव्हा तो वाफा झाकलेला होता. मी ती माती केव्हाच मोजून दिली होती. मुलीची बाटली जिच्यात पुरली होती ती हीच.

त्यानंतरचे दिवस मी कामावर नीट लक्ष देऊ शकले नाही. वाफा तापलाच नाही तर? माझी चूक नसती, पण माझीच वाटली असती. एका सकाळी शाळेला निघालेल्या मुलीला बाईंनी हाक मारली आणि हात घालून बघायला सांगितलं. तिने दप्तरासकट वाकून हात घातला आणि जपानीत ओरडली, "गरम आहे!" तिला ती बाटलीची गोष्ट आठवणं शक्य नव्हतं, पण आम्ही ती तिला इतक्या वेळा सांगितली होती की ती मातीत काहीतरी चाचपडत होती. मग बाईंनी स्वतः हात घातला. कोपरापर्यंत. बराच वेळ काढला नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

त्या वर्षी कोंब जाडजूड आले. वेल लागले, शरदात रताळी निघाली. बाईंनी ती वृद्धाश्रमातल्या मैत्रिणीला नेऊन दिली, गेलेल्या बाईच्या घरी देव्हाऱ्यापुढे ठेवायला दिली, पाठ वाकलेल्या बाईला घरपोच केली. आम्हाला इतकी दिली की मी रताळ्याचा कीस, रताळ्याची खीर, रताळ्याचे काप करून थकले. मुलाने पत्र्यांचं नाव काढलं नाही.

पुढच्या डिसेंबरात मी माझ्याच हौसेने पानं मोजून ठेवली. आकडा आणखी खाली. झाडीतली शेवटची पानं गळली. बाई आल्या नाहीत. मी दोन-चार दिवस वाट पाहिली, दाराकडे कान ठेवून. मग एका दुपारी तिळाचे लाडू डब्यात भरले, उरलेल्या पानांची पिशवी घेतली आणि त्यांच्याकडे गेले. दार हातभर सरकवलं. त्या कोतात्सुत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या त्या बैठ्या टेबलाच्या पांघरुणात पाय घालून बसल्या होत्या.

"यंदा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"यंदा नको," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना कळलं नाही. मी म्हणाले, "आकडा चांगला आहे. गेल्या वर्षीपेक्षा खाली आहे."

"असेल."

"मग?"

"गुडघे नाही म्हणतात. मुलाला सांगितलंय, वसंत झाला की झाडी तोडायला हरकत नाही."

मी चिडले. इतक्या वर्षांच्या पिशव्या, इतके नकार, इतके मुळे. "मग इतकी वर्षं मला विचारत का होतात?"

बाई जराही रागावल्या नाहीत. पांघरूण नीट करत म्हणाल्या, "तेव्हा थांबले असते तर पावसामुळे थांबले असते. सासू घोडा गेल्यावरसुद्धा थांबली नाही. मी पावसापायी कशी थांबू? आता मी दमले म्हणून थांबते." मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी चांगला तापला होता ना?"

"चांगला तापला होता," मी म्हणाले.

'यंदा नको' हे शब्द मी इतकी वर्षं म्हटले होते आणि प्रत्येक वेळी ते उचलताना माझे खांदे दुखायचे. त्यांच्या तोंडी ते अगदी हलके होते. कुणी विचारलं नसतं तरी त्यांनी ते म्हटलेच असते. मला त्यांचा हेवा वाटला.

आणखी काही विचारण्यासारखं नव्हतं. मी मान हलवली, लाडवांचा डबा उंबऱ्याशी ठेवला, दार लावून घेतलं. घरी येताना झाडीशी थांबून पिशवीतली पानं खाली ओतली.